सोनकीची ओळख

भाद्रपदात गौरी यावयाच्या झाल्या की लालबाग-परळची मंडळी तेरडा आणायला दादरच्या फूलबाजारात जातात. तेरडा कोण ओळखत नाही? पण त्याच दिवसांत पुरंदरच्या किंवा महाबळेश्वरच्या माथ्यावरचे गवत पिवळेधमक करून टाकणारे फूल तुमच्या हाती दिले, तर तुम्ही काय म्हणाल? बहुधा 'रानफूल' म्हणून मोकळे व्हाल. ती सोनकी.

ते फूल नखाने उभे चिरून पाहा. एक फूल म्हणतो तो चिमुकल्या फुलांचा मेळावाच असतो. कडेची पाकळी म्हणजे एकेक स्वतंत्र फूल, मधली बारीक नळी म्हणजेही फूलच! पुढे बी धरले की त्यावर पांढरे केस येतात. त्या केसांवरून लॅटिनवाल्यांनी या कुळाला 'म्हातारा' अशा अर्थाचे सेनेसिओ हे नाव दिले. आपल्या लोकांनी सोने पाहिले, त्यांनी पिकलेले केस पाहिले.

एवढ्याने कूळ कळते, जात नव्हे. सेनेसिओच्या जाती सह्याद्रीवर अनेक. तिथे पानाफळांवरची लव भिंगाखाली बघावी लागते, आणि ताडून पाहायला जुना वाळवलेला नमुना लागतो. असे नमुने गिरगावातून पायी जाता येईल इतक्या जवळ आहेत. धोबीतलावाला, झेवियर कॉलेजातल्या ब्लाटर हर्बेरियममध्ये. हा संग्रह 1906 पासूनचा.

त्याच्याही कितीतरी आधी मुंबईच्या टपाल खात्यात जॉन ग्रॅहम नावाचा डेप्युटी पोस्टमास्तर-जनरल होता. टपाल सांभाळून हा गृहस्थ मुंबई परिसरातल्या वनस्पतींची यादी करी, शिवडीच्या बागेत झाडे लावी. यादी छापून होत असतानाच 1839 साली तो खंडाळ्यास वारला. उरलेली पाने जोसेफ निम्मो याने पुरी केली, म्हणून पुस्तक त्याच साली निघाले. शिवडीच्या बागेचे पुढे ख्रिस्ती कबरस्तान झाले.

सोनकीला शास्त्रज्ञ पुष्कळ वर्षे सेनेसिओ ग्रॅहमाय म्हणत, ग्रॅहमच्या नावाने. आता सेनेसिओ बॉम्बेएन्सिस म्हणतात. पोस्टमास्तराचे नाव गेले, त्याच्या शहराचे आले. तेव्हा जुना ग्रंथ उघडलात, तर सोनकी ग्रॅहमच्या नावाखाली शोधा, नाहीतर सापडायची नाही.