यात्रेकरूंच्या दोन आगबोटी आणि दुसरे महायुद्ध

पनवेल, उरण, रेवस येथील खाड्यांतून उतारू व माल वाहणारे मचवे आणि जेद्दा, लंडन अशा दूरच्या बंदरांकडे जाणाऱ्या आगबोटी या दोहोंचे केंद्र मुंबई हेच होते. परंतु मचवे एतद्देशीयांचे, तर आगबोटी बहुतांशी परकीयांच्या, अशी स्थिती दीर्घकाळ होती. ती पालटण्याचा मोठा प्रयत्न १९१९ साली स्थापन झालेल्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने केला. या कंपनीच्या उतारू-आगबोटींचा दोन्ही महायुद्धांशी आलेला संबंध अभ्यासनीय आहे.

कंपनीची पहिली आगबोट 'लॉयल्टी' ही एका अर्थी युद्धाचीच देणगी होय. पॅसिफिक महासागरात व्हँकुव्हर व हाँगकाँग यांच्या दरम्यान चालणारी 'एम्प्रेस ऑफ इंडिया' ही उतारू-बोट १९१४ च्या अखेरीस ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्या पुढाकाराने खरेदी करण्यात आली आणि हिंदी सैनिकांसाठी तिचे रुग्णालय-जहाज बनविण्यात आले. युद्धानंतर वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी व त्यांचे सहकारी यांनी ती विकत घेतली. कंपनीचे नावही शिंदे घराण्यावरूनच पडले. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. तथापि ही वाहतूक किफायतशीर ठरली नाही व १९२३ साली बोट मोडीत निघाली. त्याच वर्षी ब्रिटिश कंपन्यांशी झालेल्या करारान्वये सिंदियाच्या जहाजांवर दहा वर्षांसाठी ७५,००० टनांची मर्यादा पडली.

पुढे १९३७ च्या सुमारास कंपनीने हजच्या यात्रेकरूंची वाहतूक हाती घेतली व 'एल मदिना' आणि 'एल हिंद' या दोन बोटी बांधवून घेतल्या. या मार्गावर ब्रिटिश भांडवलाच्या मोगल लाइनचे वर्चस्व असल्याने भाड्यांची तीव्र चढाओढ सुरू झाली. ती पुरती शमते न शमते तोच युद्ध आले आणि सरकारने दोन्ही बोटी ताब्यात घेतल्या.

या निवडीचे कारण उघड आहे. यात्रेकरूंपैकी बहुसंख्य लोक डेकवरचे उतारू असत. मोकळ्या मजल्यांवर दाटीवाटीने शेकडो माणसे नेण्यासाठी बांधलेल्या बोटीत पलटणीची सोय थोडक्या फेरफारांत करता येते. 'एल मदिना' सैन्यवाहू बोट झाली. 'एल हिंद' हिंदी नौदलात दाखल होऊन शत्रूच्या किनाऱ्यावर सैन्य उतरविण्याच्या कामासाठी सज्ज करण्यात आली.

१९४४ च्या मार्चमध्ये ब्रह्मदेशच्या सरहद्दीवर जपानी फौजांची चढाई सुरू झाली होती. १६ मार्च रोजी 'एल मदिना' अकराशेहून अधिक सैनिकांसह कलकत्त्याहून चितगावकडे ताफ्यातून जात असता बंगालच्या उपसागरात जपानी पाणबुडीने तिला पाणतीर मारून बुडविले. सुमारे ३८० माणसे प्राणास मुकली. त्यानंतर एक महिना पूर्ण होण्याच्या आतच, १४ एप्रिल रोजी, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या दारूगोळा व कापूस भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला. त्या आगीत 'एल हिंद' नष्ट झाली. सिंदियाचीच 'जलपद्म' ही मालवाहू बोटही त्यात गेली.

ज्या कंपनीला शांततेच्या काळी आपल्याच किनाऱ्यावर वाटा मिळविण्यासाठी झगडावे लागले, तिच्या बोटी संकटकाळी साम्राज्याला तत्काळ उपयोगी वाटल्या, हा विरोध दुर्लक्षिण्याजोगा नाही. १९४७ साली नौकानयनविषयक धोरण-समितीने किनाऱ्यावरील सर्व वाहतूक हिंदी जहाजांकडे असावी अशी शिफारस केली, तिच्यामागे या अनुभवाचे बळ होते. ५ एप्रिल हा दिवस १९६४ पासून राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळला जातो. स्वदेशी नौकानयनाचा इतिहास लिहिताना त्या प्रस्थानाच्या तारखेइतकेच १६ मार्च व १४ एप्रिल या तारखांनाही स्थान द्यावयास हवे. कारण त्या उद्योगाची किंमत केवळ भांडवलदारांनी नव्हे, तर बोटींवरील खलाशांनी व सैनिकांनीही चुकविली आहे.