कराची ते जुहू



मुंबई आणि कराची या दोन शहरांत अंतर किती, असं कुणी विचारलं तर आपण काय सांगाल? नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तर सुमारे ८८० किलोमीटर, म्हणजे जुन्या हिशेबानं साडेपाचशे मैल भरतं. पण प्रवाशाचं अंतर असं पट्टीनं ठरत नाही.

१९३२ सालची गोष्ट घ्या. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच मोडत असे. विलायतेचं टपाल १९२९ पासून विमानानं कराचीपर्यंत येऊ लागलं होतं. तिथून मुंबईला मात्र ते आगगाडीनं येई. हे टपाल हवेतूनच पुढे न्यावं, ही कल्पना नेव्हिल व्हिन्सेंट या ब्रिटिश वैमानिकाची. ती उचलून धरली जे. आर. डी. टाटा यांनी.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास टाटांनी कराचीहून उड्डाण केलं. वय अवघं अठ्ठावीस. विमान एका इंजिनाचं 'पस मॉथ', बरोबर सुमारे पंचवीस किलो टपाल. वाट सांगणारा बिनतारी संच नाही, सोबतीला कुणी नाही. वाटेत ते अहमदाबादला उतरले. तिथं विमानासाठी पेट्रोलचे डबे आले ते कशातून? बैलगाडीतून! आपल्या देशातल्या हवाई टपालाच्या आरंभी बैलजोडीचाही असा हातभार लागलेला आहे, बरं का.

दुपारी पावणेदोनच्या सुमारास विमान जुहूला टेकलं. गुरुजींनी हा हिशेब वर्गात जरूर घालावा : अहमदाबादच्या वळशानं वाट झाली सुमारे १,०५० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी १६० किलोमीटर, मग सव्वासात तासांतले किती तास हवेत गेले? पुढची थैली व्हिन्सेंट यांनी बल्लारीमार्गे मद्रासला नेली.

जुहूचा तळ म्हणजे तरी काय, समुद्राकाठचं मैदान! पावसाळ्यात भरतीचं पाणी आत शिरे. मग विमानं आणि माणसं, सगळं बिऱ्हाड पुण्याला हलायचं आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर काम चालायचं.

पुढे १९३६ मध्ये सिंध मुंबई इलाख्यातून वेगळा झाला आणि १९४७ मध्ये कराची परदेशात गेली. ज्या घरांची माणसं दोन्हीकडे होती, त्यांना हे नकाशावर पाहावं लागलं नाही.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पन्नास वर्षं झाली म्हणून, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे टाटा पुन्हा तशाच जुन्या धाटणीच्या 'लेपर्ड मॉथ' विमानातून एकटे कराचीहून जुहूला आले. या खेपेला मात्र ते एका देशातून दुसऱ्या देशात येत होते.

मधल्या काळात जेट विमानं आली. या दोन शहरांमध्ये थेट विमानं होती, तेव्हा प्रवास दीड-पावणेदोन तासांचा असे. आज थेट विमान नाही. कराचीच्या माणसाला मुंबई गाठायची तर परवाना मिळाल्यावरही बहुधा दुबईमार्गे यावं लागतं. ही वाट तीन हजार किलोमीटरांच्या वर जाते. हवेतले पाच तास आणि दुबईला विमान बदलण्यासाठी खोळंबा धरला, तर टाटांच्या त्या छोट्या विमानाचे सव्वासात तास सहज उलटून जातात.