भुई, सतरंजी आणि भाड्याचा गालिचा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शिकायला बाहेरगावी निघालेल्या मुलाच्या सामानात एकेकाळी तीन वस्तू ठरलेल्या असत. पत्र्याची पेटी, रॉकेलचा स्टोव्ह आणि वळकटी. आमच्या केळापूर तालुक्यातली, पाटणबोरी-रुंझ्याकडची मुलं पांढरकवड्याला ‘खोली करायची’. पुढे यवतमाळ, अमरावती, नागपूर. वळकटीच्या सगळ्यात बाहेर सतरंजी असायची, कारण प्रवासातली धूळ तिनंच खायची. खोलीवर पोचलं की ती झटकायची, अंथरायची, आणि तेवढ्या चौकोनापुरतं आपलं घर तयार व्हायचं.

आज त्याच तालुक्यातली मुलं डॅलसला नाही तर मँचेस्टरला खोली करतात. फरक एवढाच की तिथं अंथरूण घरमालकानं आधीच घालून ठेवलेलं असतं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, खिळ्यांनी पक्कं केलेला गालिचा. तो घरमालकाचा, त्यावर पडणारा डाग मात्र भाडेकरूचा. हा व्यवहार कसा घडत गेला, त्याची गोष्ट मला आज सांगायची आहे.

सुरुवात मातीच्या भुईपासून करू. सारवलेली भुई कोणी धूत नसे. ती झाडत आणि चार-आठ दिवसांनी शेणानं पुन्हा सारवत. म्हणजे डाग काढण्याचा प्रश्नच नव्हता, डागावर नवी भुई यायची. मी पाहिलेल्या घरांत खोली भाड्यानं ठरवताना भाड्याबरोबर आणखी एक गोष्ट बोलून घेतली जायची, ती म्हणजे सारवण कोणाकडे. घरमालकीण करून देणार असेल तर मुलगा सुटला. नसेल तर मुलानं स्वतः पोतेरं हातात घ्यायचं. मुली शिकायला बाहेर पडू लागल्या तेव्हा त्यांच्याकडे हे काम न विचारताच आलं. पुढे शहाबादी फरशी आली, तिला ओलं फडकं पुरू लागलं. फरशीबद्दल आणखी बोलण्यासारखं काही नाही.

सतरंजीची गोष्ट मोठी आहे. हे नाव शतरंजाशी, म्हणजे बुद्धिबळाच्या पटाशी नातं सांगतं. ती सुती असते, दोन्ही बाजूंनी वापरता येते, आणि मुख्य म्हणजे तिची घडी करून उचलता येते. मळली तर खुनी नदीवर नेऊन दगडावर आपटायची आणि काठावर उन्हात टाकायची. तिच्यावर हळदीचा डाग पडला तर आया म्हणायच्या, ‘राहू दे, ऊन खाईल त्याला.’ ते अगदी खरं होतं. हळदीतला रंग प्रकाशानं विटतो. या उन्हाकडे आपल्याला थोड्या वेळानं परत यायचं आहे.

गालिचा ही वेगळी जात. तो गाठींचा, बहुधा लोकरीचा आणि जड. पांढरकवड्यावरून हैदराबादकडे जाणारा रस्ता, ज्याला आधी सात क्रमांकाचा महामार्ग म्हणत आणि आता चव्वेचाळीस म्हणतात, पैनगंगा ओलांडून आदिलाबादेत शिरतो. त्या बाजूला आणखी पुढे, रस्त्यापासून आडवाटेला, वरंगळ आहे. तिथले गालिचे १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात मांडले गेले होते. तिथल्या सतरंज्यांना २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. आपण मात्र गालिचा म्हटलं की काश्मीर नाही तर इराण आठवतो.

या गालिच्यांची कड घेऊन भांडणारा एक इंग्रज होता, जॉर्ज बर्डवुड. त्याचा जन्म १८३२ साली बेळगावात झाला. मुंबईत त्यानं वैद्यकी केली आणि आज भाऊ दाजी लाड यांच्या नावानं असलेल्या संग्रहालयाच्या उभारणीतही त्याचा हात होता. त्याची तक्रार सरकारी तुरुंगांबद्दल होती. कैद्यांकडून स्वस्तात गालिचे विणून घेतल्यामुळे गावोगावचा विणकर उपाशी मरतो आणि नक्षीही बिघडते, असं तो लिहीत राहिला. पुण्याच्या येरवडा तुरुंगातही गालिचे विणले जात. आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी तर व्हिक्टोरिया राणीसाठी एवढा मोठा गालिचा विणला की तो आजही विंडसरच्या राजवाड्यात आहे. त्याचं वजन सुमारे दोन टन. १९९२ साली राजवाड्याला आग लागली तेव्हा तो गुंडाळून बाहेर काढायला पन्नास सैनिक लागले. आपली वळकटी एक मुलगा काखेत मारून नेत असे. वस्तू जड झाली की तिची स्वच्छता दुसऱ्याच्या हातात जाते, हे या पन्नास जणांवरून कळतं.

विलायतेत गालिचा साफ करण्याची रीत आपल्यापेक्षा फार वेगळी नव्हती. दोरीवर टाकून वेताच्या बडगीनं बडवायचा. मधल्या दिवसांत चहाचा ओलसर चोथा पसरून झाडायचा, म्हणजे धूळ उडत नाही. आपल्याकडे अंगणात पाणी शिंपडून मग झाडतात, त्यातलाच हा प्रकार. पुढे यंत्रं आली. अमेरिकेत मेलव्हिल बिसेल यानं १८७६ साली ढकलायच्या झाडूचं पेटंट घेतलं. १८८९ मध्ये तो वारला आणि त्याच्या बायकोनं, ॲनानं, कारखाना समर्थपणे चालवला. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट बूथनं हवा ओढून धूळ खेचणारं यंत्र काढलं. ते घोडागाडीवर बसवलेलं असे आणि रस्त्यावर उभं राहून खिडकीतून लांब नळ्या आत सोडत असे. पुढच्याच वर्षीच्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्यानंच साफ केले.

मला यात सर्वांत जवळचा वाटतो तो जेम्स मरे स्पँग्लर. ओहायोमधल्या कँटन गावातल्या एका दुकानात तो झाडलोट करी. त्याला दमा होता आणि गालिच्याच्या धुळीनं तो उसळे. शेवटी त्यानं पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून स्वतःसाठी यंत्र बनवलं. १९०८ मध्ये पेटंट मिळालं आणि ते हूवर नावाच्या गृहस्थानं विकत घेतलं. पुढे यंत्राला नाव हूवरचं लागलं. ज्याच्या छातीत धूळ गेली त्याचं नाव फारसं कोणाला ठाऊक नाही. त्याच्या दम्याचं एक कारण शास्त्राला पुष्कळ उशिरा सापडलं. घरातल्या धुळीत राहणारा, डोळ्यांना न दिसणारा एक जीव दमा उसळवतो, हे १९६४ साली हॉलंडमधल्या लायडन इथल्या संशोधकांनी दाखवलं. गाद्या आणि गालिचे ही त्याची आवडती घरं. तेव्हा ज्या मुलाला दम्याचा त्रास आहे त्यानं खोली बघताना खिडकीतून काय दिसतं यापेक्षा खाली काय अंथरलंय ते आधी बघावं.

आपल्या घरांत हे यंत्र १९८२ नंतर दारोदार फिरणाऱ्या टायवाल्या विक्रेत्यांबरोबर आलं. ज्या घरात गालिचा नाही तिथं ते सोफ्यावर चालवून दाखवत, हे अनेकांना आठवत असेल.

आता भिंतीपासून भिंतीपर्यंतच्या गालिच्याकडे येऊ. त्याचा जन्म कापसाच्या प्रदेशातला आहे, म्हणून केळापूरच्या माणसाला तो परका वाटू नये. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं. तिथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी वऱ्हाडच्या कापसाकडे धाव घेतली, हा इतिहास आपण शाळेत वाचतो. त्या अडलेल्या कापसाच्या राज्यांपैकी एक जॉर्जिया. तिथल्या डाल्टन गावाजवळ कॅथरिन एव्हान्स नावाच्या मुलीनं १८९५ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, सुती कापडावर जाड दोऱ्याचे टाके घालून ते कापले आणि फुलवले. तयार झाली गोंडेदार पलंगपोसाची चादर. १९०० मध्ये तिनं अशी पहिली चादर अडीच डॉलरला विकली. बघता बघता त्या भागातल्या घराघरांत हे काम सुरू झालं आणि रस्त्याच्या कडेला दोऱ्यांवर चादरी वाळताना दिसू लागल्या. १९३० च्या दशकात टाके घालणारी यंत्रं आली. दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्रं इतकी रुंद झाली की चादरीऐवजी खोलीभर गालिचाच निघू लागला. सुरुवातीला तोही सुती होता. मग १९५० च्या दशकात नायलॉन आलं आणि कापूस मागे पडला. विणकराच्या गाठी नाहीत, फक्त टोचलेले टाके आणि मागून चिकटवलेला रबरी थर. त्यामुळे तो स्वस्त झाला, आणि स्वस्त झाला म्हणून भाड्याच्या खोल्यांत गेला.

१९६५ साली अमेरिकेनं स्थलांतराचा कायदा बदलल्यावर मराठी इंजिनियर आणि डॉक्टर तिकडे मोठ्या संख्येनं जाऊ लागले. त्यांच्यामागून विद्यार्थी गेले. आता या विद्यार्थ्याची अडचण काय होते ते बघा. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबातला मुलगा तिकडे शिकायला गेला. तिघांनी मिळून घर घेतलं. पहिल्याच महिन्यात वरणाचं भांडं कलंडलं. मुलानं आईनं शिकवल्याप्रमाणे साबण लावून घासलं, तर पिवळा डाग लालसर झाला. तो घाबरला. खरं म्हणजे यात नवल काही नाही. आपलं कुंकू पूर्वापार कसं होत आलं? हळदीला चुना किंवा तसाच खार लावून. साबणात खार असतो, त्यानं हळद लाल होते. शिवाय नायलॉन लोकरीसारखंच रंग धरून ठेवतं. घासलं की रंग टाक्यांच्या मुळाशी जातो. पाणी ओतलं तर ते खालच्या फोममध्ये शिरतं, दिवसेंदिवस वाळत नाही आणि खोलीला कुबट वास येतो. सतरंजी असती तर उन्हात टाकली असती. खिळ्यांनी पक्का केलेला गालिचा उन्हात न्यायचा कसा?

मग करावं काय? सांडल्याबरोबर आधी चमच्यानं उचलून घ्यायचं. मग पांढऱ्या फडक्यानं टिपायचं, कडेकडून मध्याकडे, पुसायचं नाही. थोडं थंड पाणी घालून पुन्हा टिपायचं. पडदे उघडून जेवढा सूर्यप्रकाश डागावर येईल तेवढा येऊ द्यायचा. तरीही राहिलंच तर औषधाच्या दुकानात मिळणारं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आधी कपाटामागच्या कोपऱ्यात लावून बघायचं, कारण ते गालिच्याचा स्वतःचा रंगही उडवू शकतं. आठवड्यातून एकदा यंत्र फिरवणं हे मात्र या सगळ्याहून महत्त्वाचं. बारीक माती टाक्यांच्या मुळाशी बसते आणि प्रत्येक पावलाबरोबर धागा कापत जाते. दाराशी चपला काढायची आपली सवय इथं फार उपयोगी पडते.

त्या मुलांची खरी परीक्षा घर सोडताना झाली. घरमालकाच्या कंपनीनं (नाव घेत नाही) अनामत रकमेतून पूर्ण गालिचा बदलण्याचा खर्च कापला. एक हातभर डाग आणि तीन खोल्यांचा गालिचा! शेतकऱ्याच्या घरातून कर्ज काढून गेलेल्या मुलाला ती रक्कम लहान नसते. त्यांच्याजवळ पहिल्या दिवशीचा एकही फोटो नव्हता, आणि गालिचा आधीच किती झिजलेला होता हे सिद्ध करायला काही नव्हतं.

या भांडणांतूनच कायदे झाले आहेत, आणि ते मुलांना माहीत असायला हवेत. कॅलिफोर्नियात भाडेकरूनं घर सोडल्यावर एकवीस दिवसांत घरमालकानं अनामत परत करावी लागते, नाहीतर कशाचे किती कापले त्याची यादी द्यावी लागते. रोजच्या वापरानं होणारी झीज कापता येत नाही. तिथं २०२५ पासून टप्प्याटप्प्यानं लागू झालेल्या दुरुस्तीनं घरमालकावरच फोटो काढून ठेवण्याचं बंधन आलं. गालिचा व्यावसायिकाकडून धुण्याचा खर्चही, घर घेतानाच्या स्थितीत आणण्यासाठी तो खरोखर आवश्यक नसेल तर, भाडेकरूवर टाकता येत नाही. इंग्लंडमध्ये अनामत रक्कम त्रयस्थ योजनेत सुरक्षित ठेवण्याचा नियम २००७ साली आला. १ जून २०१९ पासून तर ‘घर सोडताना अमुक कंपनीकडूनच साफसफाई करून घ्या आणि पैसे भरा’ अशी सक्तीही तिथं चालत नाही. घर मिळालं होतं तेवढं स्वच्छ करून देणं मात्र भाडेकरूकडेच आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे, म्हणून करारावर सही करण्याआधी त्या राज्याचा नियम वाचावा. आपल्याकडेही महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. पुण्याला खोली करणारी किती मुलं हे विचारतात?

त्या तिघांनी दुसरं घर घेतलं तेव्हा चाव्या मिळाल्या त्याच दुपारी प्रत्येक खोलीच्या चारही कोपऱ्यांचे फोटो काढले आणि घरमालकाला ई-मेलनं पाठवून दिले. एक जुना डाग सापडला, तो लेखी नोंदवून घेतला. मग आमच्या ओळखीच्या त्या मुलानं घरी फोन करून आईकडे एक वस्तू मागितली. इथून कोणी ओळखीचं जात होतं, त्यांच्या बॅगेत आईनं ती तीन किलोची सतरंजी कशीबशी बसवली. आता ते तिघं जेवायला बसताना गालिच्यावर ती अंथरतात आणि जेवण झालं की बाल्कनीत नेऊन झटकतात.