बांबूची बदली

१९२७ साली आपल्या देशात एका गवताचे झाड झाले. त्या सालच्या भारतीय वन कायद्यात 'झाड' कशाला म्हणावे हे सांगताना साहेबाने ताड, वेत, झुडपे, फार काय तोडलेल्या झाडांचे खुंटसुद्धा यादीत घातले आणि त्यातच बांबूही ढकलून दिला. वनस्पतिशास्त्राच्या लेखी बांबू म्हणजे गवत. पण कायद्याने हुद्दा दिल्यावर काय बोलता! तोडायला परवाना, न्यायला परवाना. हुद्दा झाडाचा आणि भाव गवताचा, ही तऱ्हा आम्हा बँकवाल्यांना नवी नाही.

गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला आपल्याच जंगलातल्या बांबूचे वाहतूक परवाने हाती पडायला २०११ साल उजाडले. तेही २००६ चा वनहक्क कायदा होता म्हणून. पुढे २०१७ च्या दुरुस्तीने जंगलाबाहेरचा बांबू पुन्हा गवत झाला. आणि गंमत पाहा, पदावनती होताच याचे नशीब उघडले! २०२३ साली नव्या संसद भवनात त्रिपुराच्या बांबूची जमीन झाली.

"संसदेला चालते, मग आपल्याला का नको?" सौभाग्यवतींनी विचारले. घराची फरशी बदलायचीच होती. मातोश्री म्हणाल्या, "बांबूवर माणूस एकदाच निजतो. रोज चालायला कशाला हवा?"

तशी बांबूची आपल्या घरातली नोकरी जुनी. सूप, टोपली, कणगी, कुडाची भिंत, शिडी, सगळीकडे बदली झाली. जमिनीवर तेवढी नाही. तिथे आधी शेणाचा मान. मग शहाबादी फरशी आली. १९२२ पासून 'भारत टाइल्स'च्या नक्षीदार सिमेंटच्या लाद्या, मागाहून मोझॅक. शेणाची जमीन खराब झाली तर पुन्हा सारवावी आणि फरशी खराब झाली तर बादली ओतावी, एवढे आपले शास्त्र.

बांबूच्या जमिनीचे खरे घर ब्रह्मपुत्रेकाठी. तिथल्या मिसिंग लोकांची चांगघरे खांबांवर उभी असतात, आणि फोडलेल्या बांबूच्या जमिनीला फटी असतात. सांडलेले खाली जाते, वारा वर येतो, पूर आलाच तर बिचारा घराखालून निघून जातो. या जमिनीला पाण्याचे वावडे नाही, कारण ती पाण्याला थांबवतच नाही.

दुकानातला बांबू निराळा. त्याच्या पट्ट्या काढून, उकळून, वाळवून, सरसाने चिकटवून दाबतात. उकळायचे ते आतली साखर आणि पिष्ट जावे म्हणून, नाहीतर किड्यांची पंगत बसते. कॉफीरंगी हवा असेल तर वाफेने भाजतात. त्याने रंग येतो, पण बांबू नरम पडतो. तंतू दाबून केलेला प्रकार सर्वांत टणक. पण फटी बुजल्या, त्यामुळे पाणी वरच तुंबते, सांध्यांत शिरते आणि फळ्या फुगतात. पावसाळी हवेतही ते अंग धरतात. म्हणून भिंतीलगत चार बोटे नाही, पण बोटभर तरी जागा सोडावी लागते.

आता आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी! बादली उपडी केल्याशिवाय घर पुसले असे त्या मानतच नाहीत. तेव्हा स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि देवघर बांबूला वर्ज्य. झोपायची एक खोली मंजूर केली, टणक प्रकारात, आणि फडके घट्ट पिळून पुसायच्या अटीवर. मावशींना अट सांगितली.

"मग ती खोली तुमची तुम्ही पुसा," त्या म्हणाल्या.