संगणक-मार्गदर्शित मेंदू शस्त्रक्रिया

मेंदूच्या गाभ्यात, विशेषतः थॅलॅमसमध्ये, मुलांना व तरुणांना होणाऱ्या सौम्य गाठी काढण्यासाठीही वापरली जाणारी पद्धत. यांतली नेहमीची गाठ म्हणजे पायलोसायटिक अॅस्ट्रोसायटोमा. ती सावकाश वाढते, कडा बहुधा स्पष्ट असतात. पूर्ण निघाली तर रुग्ण बरा होण्याची आशा मोठी. अवघड असते ती तिथवरची वाट.

डोक्याला बसवलेल्या चौकटीच्या आधाराने माणसावर पहिली मेंदू शस्त्रक्रिया 1947 मध्ये स्पीगेल व वायसिस यांनी केली. 1980च्या दशकात पॅट्रिक केली यांनी तिला संगणकाची जोड दिली. सीटी व एमआरआयवरून संगणक गाठीचा त्रिमितीय आकार मांडतो, आणि हालचाल व वाचेची केंद्रे टाळणारी वाट सर्जन आधीच आखतो. मात्र कवटी उघडल्यावर मेंदूभोवतीचा द्रव निघून जातो, मेंदू किंचित सरकतो आणि आधीचे चित्र फसवू लागते. म्हणून अनुभवी हात आणि सूक्ष्मदर्शक अपरिहार्यच.

कळमनुरी तालुक्यातल्या डोंगरकड्यासारख्या गावी खरा प्रश्न शस्त्रक्रियेआधीच्या निदानाचा. सकाळी डोके दुखून उलटी होणे पित्तावर ढकलले जाते. त्यातच एक हात वा पाय लुळा पडू लागला, तर नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तातडीने गाठावे. मेंदूच्या अनेक शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतात.