तुरीच्या मुळाचा माग

मुखेडच्या शेतकऱ्याला तुरीची मर कोणी सांगावी लागत नाही. पेरणी साधते, पीक छातीला लागते, फुलोरा येतो. आणि ऐन शेंगा भरण्याच्या वेळी ओल्या रानातले झाड उभ्याउभ्या सुकते. पायाशी पाणी असून तहानेने मरावे, असे हे मरण! जमीन बाधली, असे म्हणून आम्ही उसासा टाकतो. या बाधेलाही इतिहास आहे.

एडविन जॉन बटलर हे वनस्पतिरोगांचे अभ्यासक १९०१ साली हिंदुस्थानात आले. बिहारातील पुसा येथील कृषिसंशोधन संस्थेत त्यांनी तुरीच्या मरीचा छडा लावला आणि १९१० साली जमिनीतल्या एका बुरशीवर बोट ठेवले. तिचे नाव फ्युजेरियम उडुम. ही बुरशी मुळातून शिरते आणि पाणी वाहणाऱ्या नळ्यांत वाढते; नळ्या तुंबतात. मेलेल्या झाडाचे खोड उभे चिरले म्हणजे आत काळपट रेघा दिसतात, त्या याच.

परंतु जिला डोळे नाहीत, नाक नाही, तिला अंधाऱ्या मातीत मूळ सापडते कसे? याचा उलगडा होण्यास शतक लोटले. स्पेनमधील कोर्दोबा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली टोमॅटोची मर आणणाऱ्या बुरशीवरील काम प्रसिद्ध केले. ही बुरशी तुरीच्या बुरशीच्या गोतातलीच. टोमॅटोच्या मुळातून पेरॉक्सिडेज नावाची विकरे पाझरतात. बुरशीच्या पेशीपटलावर एक ग्राहक प्रथिन असते. त्याच्याद्वारे या विकरांची चाहूल लागते आणि बुरशीचा तंतू मुळाकडे वळतो. ते प्रथिन काढून टाकताच तंतूची दिशा हरपली. नवल असे, की यीस्टमध्ये याच जातीचे प्रथिन जोडीदाराची खूण ओळखते. सोयरीक जुळवणारे साधन येथे शिकारीच्या कामी आले!

हा पुरावा टोमॅटोचा आहे, तुरीचा नव्हे, हे आम्ही विसरत नाही. तरी त्यातून एक गोष्ट समजते: मूळ आणि बुरशी यांची गाठ हा निव्वळ योगायोग नसतो.

ही गाठ सैल करण्याचे उपाय आपल्या जवळच आहेत. ज्वारीत तुरीचे तास ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनी. हैदराबादजवळील पाटणचेरूच्या आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्थेच्या प्रयोगांतही ज्वारीसोबतच्या तुरीत मर कमी आढळली. बदनापूरच्या संशोधन केंद्राने मरीला दाद न देणारा बीएसएमआर ७३६ हा वाण दिला. आणि बुरशी धसकटांत सुमारे तीन वर्षे तग धरते. तेव्हा मरीच्या रानात लागोपाठ तूर पेरणे म्हणजे वैऱ्याला घरचे जेवण देणे होय.

वैरी अदृश्य आहे, पण आता अनोळखी नाही. येत्या मृगात तिफण धरण्यापूर्वी एवढे आठवले, तरी आजची संध्याकाळ सार्थकी लागली असे आम्ही समजू.