सेवाग्रामचा तो जास्तीचा पेपर: मेडिकल प्रवेश आणि गुणांच्या तुलनेची गोष्ट

आजचा भाग वर्धा जिल्ह्यातला आहे, पण सुरुवात थोडी लांबून करतो. कॅनडात शिकणारी आपल्याकडची मुलं अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजला अर्ज करतात, तेव्हा त्यांना आपले गुण तिकडच्या मापात बसवावे लागतात. टोरंटो विद्यापीठात 85 मिळवा नाहीतर 98, ग्रेड पॉइंट दोन्हीला 4.0च. दुसऱ्या एखाद्या विद्यापीठाचं कोष्टक मात्र वेगळं असतं. म्हणजे मूल तेच, मेहनत तीच, फक्त वजनकाटा बदलला. हे ऐकून आपण म्हणतो, काय कटकट आहे बुवा! पण हीच कटकट आपल्याकडे कैक वर्षं चालली, आणि ती थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेली.

साधा प्रश्न होता. नागपूर विद्यापीठाचे 70 टक्के आणि मुंबईचे 70 टक्के सारखे धरायचे का? पेपर वेगळे, तपासणारे वेगळे, सढळ हात कुठला आणि आखडता कुठला कोण सांगणार? 1971 साली म्हैसूर राज्यातून आलेल्या चंचला खटल्यात कोर्टाने एक वाट मान्य केली: ज्या त्या विद्यापीठाच्या मुलांना त्यांच्या त्यांच्या वाट्याच्या जागा द्या. तुलनाच करू नका म्हणजे भांडण नाही. आपल्या महाराष्ट्रात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असा 70:30 चा जो हिशेब पुढे अनेक वर्षं चालला, त्यालाही जवळपास हाच वास होता. 2020 साली तो रद्द झाला.

आता सेवाग्राम. वर्ध्यापासून सात-आठ किलोमीटर. गांधीजी इथे 1936 साली राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. डॉ. सुशीला नायर यांनी चाळीसच्या दशकात इथे कस्तुरबा रुग्णालय उभं केलं. पुढे त्या केंद्रात आरोग्यमंत्री झाल्या, आणि 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, त्याच रुग्णालयाला जोडून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. खेड्यात मेडिकल कॉलेज! त्या काळी ऐकणाऱ्याला हे जरा धाडसाचंच वाटलं असणार.

खर्चाची वाटणी अशी: निम्मा केंद्र सरकारचा, पाव राज्याचा, पाव कस्तुरबा हेल्थ सोसायटीचा. आणि जागाही निम्म्या महाराष्ट्रातल्या मुलांना, निम्म्या बाहेरच्यांना. इथेच गुणांचा पेच घट्ट होतो बघा. हिंगणघाटची मुलगी नागपूर बोर्डाचे गुण घेऊन येणार, केरळचा मुलगा त्याच्या बोर्डाचे, दिल्लीचा सीबीएसईचे. कोणत्या कोष्टकात बसवणार त्यांना?

सेवाग्रामने कोष्टकाच्या भानगडीत न पडता स्वतःची प्रवेश परीक्षा घेतली. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तर होतंच, पण सोबत गांधी विचारांवरचा एक वेगळा पेपर. म्हणजे डॉक्टर व्हायचं तर सत्य, अहिंसा, नई तालीम, ग्रामस्वराज्य हेही वाचून या! देशभरातली मुलं एका परीक्षेसाठी गांधीजींची पुस्तकं चाळत होती. आता कोणी म्हणेल, पाठ करून लिहिलेल्या गांधी विचारांचा काय उपयोग? रास्त शंका आहे. पण मला वाटतं, तो पेपर मुलगा गांधीवादी आहे का हे तपासत नव्हता. तू कुठे येतो आहेस हे तुला माहीत आहे ना, एवढंच विचारत होता. कारण आल्यावर खादी होती, आश्रमात राहून घेतलेलं ओरिएंटेशन शिबिर होतं, प्रत्येक बॅचने दत्तक घेतलेलं एक खेडं होतं आणि त्यातली कुटुंबं एकेका विद्यार्थ्याच्या वाट्याला येत होती. इथेच पीजी करायचं तर आधी दोन वर्षं ग्रामीण भागात सेवा.

इकडे देशाचा रस्ता वेगळ्या दिशेने चालला होता. 1984 साली प्रदीप जैन खटल्यात न्या. भगवती यांनी राज्याबाहेरच्या मुलांसाठी काही जागा मोकळ्या ठेवायला सांगितलं. आणि वेगवेगळ्या विद्यापीठांचे गुण एका मापाचे नसतात, म्हणून त्या जागांना सामायिक परीक्षा हवी, हा त्यातला कळीचा मुद्दा. 1986 साली या जागांचं प्रमाण 15 टक्के ठरलं, आणि पुढे सीबीएसईची अखिल भारतीय परीक्षा आली. महाराष्ट्रातही बारावीचे गुण मागे पडून सीईटी आली. शेवटी नीट: 2013 साली एकदा झाली, त्याच वर्षी कोर्टाने रद्द केली, 2016 साली कोर्टानेच परत आणली. त्यानंतर सेवाग्रामची वेगळी परीक्षा संपली, आणि सोबत तो जास्तीचा पेपरही.

न्याय झाला का? एका अर्थी झाला. आर्वीच्या मुलाला आता चार ठिकाणी चार फॉर्म, चार फिया, चार रेल्वे प्रवास करावे लागत नाहीत. 720 पैकी आकडा सगळीकडे एकच. गुणांच्या रूपांतराचा प्रश्न मिटला, कारण रूपांतर करायला काही उरलंच नाही. पण सगळ्यांना एकाच काट्यावर घातलं की त्या काट्याची तयारी विकत घेता येते, आणि ती तयारी आर्वीपेक्षा नागपुरात, लातूरात, कोट्यात जास्त मिळते. बोर्डा-बोर्डातला फरक गेला, तो क्लासच्या फीमध्ये जाऊन बसला. शिवाय खेड्यात राहायची तयारी आहे का, हा प्रश्न प्रवेशाच्या आधी विचारायची सोय राहिली नाही. तो आता प्रवेशानंतर, शिबिरात विचारावा लागतो, जागा हातात पडल्यावर.

तुमच्यापैकी कोणी सेवाग्रामचा तो पेपर दिला असेल, तर त्यात काय विचारलं होतं आणि तुम्ही काय लिहिलं होतं ते जरूर कळवा. पास झाला नसाल तरी चालेल.